पाच वॅटचा घास

पहाटे ५

मे महिन्यात चंद्रपुरात सोल्डरिंग करायचं तर पहाटेच. दहानंतर दुकानाचा पत्रा तापतो, कूलर नुसती दमट हवा फेकतो आणि घामाचा थेंब नेमका पीसीबीवर पडतो. म्हणून पाचला उठायचं, घोटभर चहा घ्यायचा आणि जटपुरा गेटकडच्या माझ्या दुकानाचं शटर अर्धं वर करायचं. पाटीवर ‘रेडिओ, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर दुरुस्ती’ असं लिहिलंय. त्यातला रेडिओ आता नावापुरता. पोट इन्व्हर्टरवर चालतं. पण हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारीचा, परवाना घेऊन मला वीस वर्षं झाली, आणि त्या नादातली माणसं आपली यंत्रं माझ्याकडे पाठवतात. पैसे देतात, कधी मोहफुलं देतात.

टेबलावर कालपासून आलापल्लीच्या सरांचा अॅम्प्लिफायर उघडा पडलाय. सर म्हणजे निवृत्त शिक्षक. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, कधी मोबाइलचा टॉवरही गप्प होतो. अशा वेळी आलापल्लीहून नागपूर-चंद्रपूरपर्यंत आवाज पोचवता यावा म्हणून त्यांनी घरी एक छोटं स्टेशन उभं केलंय. पोलिसांची वायरलेस आहे, सॅटेलाइट फोन आहेत. सरांचं म्हणणं एवढंच की एक दोर जास्तीचा असलेला बरा. आज तो दोर परत बांधायचा आहे. मृगाला पंधरा दिवस उरलेत.

सकाळी ६

आधी पंधरा मिनिटं ४० मीटरचा पट्टा ऐकला. ७ मेगाहर्ट्झवर या वेळी मराठी, हिंदी, तेलुगू, कानडी सगळं कानावर पडतं. नागपूरच्या मित्राला सांगून ठेवलं, ‘रात्री पावणेआठला ८० मीटरवर थांब, आलापल्लीहून बोलेन.’ तो म्हणाला, ‘जिवंत झाला का तुझा पेशंट?’

अजून नाही.

सकाळी ६.३०

पेशंटची हकीगत सांगायला हवी, कारण तीत माझाही दोष आहे. सरांचा मूळ सेट बिटेक्स. हैदराबादचे अशहर फरहान यांनी बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांवर आखलेला हा सेट. देशभरातल्या कितीतरी हॅमनी तो स्वतःच्या हाताने जोडलाय. स्वस्त, दुरुस्तीला सोपा, पण ताकद जेमतेम दहा वॅट. म्हणून सरांनी त्याच्या पुढे एक घरगुती अॅम्प्लिफायर लावला. त्यात चार आयआरएफ५१० मोसफेट ट्रान्झिस्टर. सेटकडून ५ वॅट घ्यायचे, अँटेनाला पन्नासच्या आसपास द्यायचे. हे ५ वॅट म्हणजे त्या अॅम्प्लिफायरचा घास. आमच्या भाषेत ड्राइव्ह.

सेट बिघडला आणि माझ्याकडे आला. लग्नसराईचे इन्व्हर्टर पुढे करत मी तो तीन आठवडे ठेवला. तेवढ्यात सरांना शंका आली, की अॅम्प्लिफायर तरी धड आहे ना? त्यांनी ओळखीतल्या एकाचा १०० वॅटचा कंपनीचा सेट आणला, मेनूत जाऊन पॉवर ५ वर ठेवली, सेट अॅम्प्लिफायरला जोडला, माइक दाबून ‘हॅलो’ म्हटलं. ‘हॅ’ झाला. ‘लो’ झालाच नाही.

शंभर वॅटचा सेट हाताशी असताना पन्नासचा अॅम्प्लिफायर कशाला तपासायचा, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण वडीलधारा माणूस, आणि तीन आठवडे उशीर माझा. गप्प बसलो.

सरांनी पॉवर पाचवर ठेवली होती, यात शंका नाही. मुद्दा असा की मेनूतला ५ हा आकडा सेटने पाळायचा असतो, आणि तो पाळायला सेटला थोडा वेळ लागतो. आतली एएलसी नावाची यंत्रणा आधी बाहेर जाणारी ताकद मोजते, जास्त वाटली तर मागे खेचते. मोजणं आणि खेचणं यांत सेकंदाचे काही हजारावे भाग जातात. काही सेटमध्ये, सगळ्यांत नव्हे, पण कुठल्या ते आधी कळत नाही, तेवढ्या वेळात पहिल्या अक्षराबरोबर पूर्ण शंभर वॅटचा फटका बाहेर पडतो. वॅटमीटरचा काटा आळशी. तो हलायच्या आत सगळं आटोपतं. काटा पाचावरच दिसतो. माणूस शपथेवर सांगतो की पाचच दिले.

मोसफेटचा गेट मात्र आळशी नाही. आयआरएफ५१०च्या गेटला सोर्सच्या तुलनेत २० व्होल्टच्या वर चालत नाही. आतला काचेसारखा पापुद्रा फुटतो आणि फुटला की फुटला. ट्रान्झिस्टर गरम होऊन मरतो तेव्हा निदान वास येतो. हे मरण बिनवासाचं. आमचा साधा हिशेब असा: ५० ओहमच्या लाइनवर व्होल्टेजचं शिखर मोजायचं, त्याचा वर्ग करायचा, शंभराने भागायचं, की वॅट मिळतात. उलट गेलं तर ५ वॅटला साधारण २२ व्होल्टचं शिखर, १०० वॅटला शंभर व्होल्टचं. गेटपर्यंत जाताना मधला ट्रान्सफॉर्मर हा दाब उतरवतो, पण त्याची वळणं पाचाच्या हिशेबाने घातलेली. त्याच्या तोंडात शंभर कोंबले तर गेटवर साडेचार पट दाब.

चारही काढले. मीटर लावला. तीन शॉर्ट. चौथा धडधाकट दिसत होता, तोही फेकला. एकाच लॉटचे चार नवे बसवले, म्हणजे भार सारखा वाटला जाईल. या मोसफेटचा मागचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो, म्हणून हीटसिंक आणि पत्रा यांत अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकची टोपी. ही टोपी विसरून मी एकदा सगळा सप्लाय जाळलाय. तेव्हापासून स्क्रू पिळायच्या आधी मीटरने बीप वाजत नाही ना, हे दोनदा बघतो.

बायस, म्हणजे गेटला कायम द्यायचा हलका दाब, शून्यापासून थेंबाथेंबाने वाढवला. इथे घाई केली तर नवे चारही जुन्यांच्या डब्यात.

सकाळी ९

दुकान उघडल्यावर पहिला गिऱ्हाईक डीजेवाला पोरगा. मिक्सर घेऊन आला. रात्री सावलीकडच्या लग्नात बंद पडला.

‘काऊन बंद पडला जी, काका? नवाच तर होता.’

विचारलं, कुठून कुठे जोडला होतास? तर एका अॅम्प्लिफायरच्या स्पीकर-आउटची वायर याने थेट मिक्सरच्या लाइनमध्ये खोचली होती, ‘आवाज मोठा पायजे होता म्हणून’. मी टेबलावरच्या सरांच्या डब्याकडे बघितलं आणि हसू आलं. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक चालतं, त्यांचे साउंडवाले आजही मोडक्या पेट्यांवर हजार माणसांना शेवटच्या रांगेत ऐकवतात. त्यांचं गुपित एवढंच की कुठल्या पेटीला किती द्यायचं ते त्यांच्या हाताला ठाऊक असतं. पोराला हे सांगितलं. त्याने मान हलवली आणि विचारलं, ‘संध्याकाळपर्यंत होते का?’

होत नाही. उद्या ये.

सकाळी १०

सरांचा बिटेक्स दुरुस्त होऊन तयार होता. पण आता त्याला नुसता अॅम्प्लिफायरला जोडायची हिंमत नाही. आधी मोजायचं.

डमी लोड म्हणजे तेलाच्या डब्यात बुडवलेला ५० ओहमचा रेझिस्टर. अँटेनाऐवजी हा सगळी ताकद पिऊन गरम होतो आणि हवेत काही जात नाही. त्याच्यावर डायोड, छोटा कपॅसिटर आणि मल्टिमीटर. दुकानात हाताखाली असलेल्या पोराला माइक दिला आणि म्हटलं शिट्टी वाजव. एसएसबीवर, म्हणजे आमच्या बोलायच्या पद्धतीत, गप्प बसलं तर ताकद शून्य, बोललं तर काटा नाचतो. शिट्टी लांबवली की आकडा स्थिर राहतो. त्याने मन लावून वाजवली. शेजारचा सायकलवाला डोकावून गेला.

७ मेगाहर्ट्झवर ३० व्होल्ट. तीसचा वर्ग नऊशे, भागिले शंभर, ९ वॅट.

३.६ मेगाहर्ट्झवर ३७ व्होल्ट. म्हणजे १४ वॅटच्या जरासं खाली.

घोळ इथे होता. बिटेक्सची ताकद प्रत्येक पट्ट्यावर सारखी नसते; खालच्या पट्ट्यांवर जास्त, वर जावं तशी उतरत जाते. ‘दहा वॅटचा सेट’ हे बोलण्यापुरतं. सर दिवसा ४० मीटरवर नऊ वॅट देत होते, जे पाचाच्या जवळजवळ दुप्पट. रात्री ८० मीटरवर चौदा, जे तिप्पटीच्या काठाला. अॅम्प्लिफायर तेव्हाच मेला नाही हे त्याचे उपकार. पण त्याचा आवाज फाटत असणार आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर चिखल उडत असणार. नागपूरचा मित्र मागे म्हणाला होताच की सरांचा आवाज रात्री ‘जाड’ येतो. आम्हाला वाटलं सर्दी.

आणि हे १३.८ व्होल्टच्या सप्लायवर. सरांकडे सोलर पॅनल आहे. उन्हाच्या भरात बॅटरी १४ च्या वर जाते, तेव्हा सेट आणखी जोर करेल. रात्री बॅटरी उतरली की कमी. म्हणून हिशेब सगळ्यात वाईट वेळेचा धरायचा.

सेटमधला ड्राइव्हचा स्क्रू फिरवून कमी करता आला असता. पोरगा तेच म्हणाला. पण स्क्रू फिरतो, आणि जो फिरतो तो एक दिवस कुणीतरी उलटा फिरवतो. मला असं काही हवं होतं जे कुणाच्या हातात नाही. तीन रेझिस्टरांचा पॅड. ५ डेसिबलचा घेतला तर १४ वॅटचे ४.४ उरतात आणि ९ चे २.८. इंग्रजी पाय अक्षरासारखी मांडणी, दोन खांब आणि वर आडवी तुळई: खांब १८० ओहमच्या आसपास, तुळई ३० ची. नेमक्या किमतीचे मोठे रेझिस्टर चंद्रपुरात मिळणार नाहीत. १५० ओहमचे दोन-दोन वॅटचे पाच समांतर जोडले की बरोबर ३०, आणि ५६० चे तीन जोडले की १८७. चालतं. पहिल्या खांबावर चार वॅट जळतात, तुळईवर साडेचार, शेवटच्या खांबावर सव्वा. गठ्ठे तेवढी उष्णता सोसतात. वायरवाउंड मात्र घ्यायचा नाही. तो आतून गुंडाळलेली तार असतो आणि रेडिओ फ्रिक्वेन्सीला कॉइलसारखा वागतो.

पॅड कुठे बसवायचा यावर थोडा विचार केला. सेट आणि अॅम्प्लिफायर यांच्या मधल्या केबलमध्ये घातला तर सोपं, पण मग ऐकतानाही तोच ५ डेसिबल आडवा येतो. म्हणून अॅम्प्लिफायरच्या आत, रिलेच्या पुढे. बोलताना रिले सरकतो आणि ताकद पॅडमधून जाते. ऐकताना सिग्नल बाहेरच्या बाहेर वळसा घालून सेटकडे येतो.

रिलेच्या कॉइलवर डायोड नव्हता, तो टाकला. रिले सुटताना उलटा झटका मारतो, आणि तो सेटच्या पीटीटीवर, म्हणजे माइकच्या बटणाच्या लाइनवर, गेला तर पुढच्या महिन्यात सेट परत माझ्याकडे.

दुपारी १२

जोडलं. पोराने शिट्टी वाजवली. अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी २१ व्होल्ट, म्हणजे साडेचारला जरा कमी. डमी लोडवरच्या वॅटमीटरवर ५०. चोवीस व्होल्टवर, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. दोन मिनिटांनी हीटसिंकला हात लावला आणि काढून घेतला. बाहेर पंचेचाळीस अंश असताना हीटसिंकची सुरुवातच पंचेचाळीसपासून होते, हे पुस्तकातल्या तक्त्यात नसतं. एक पंखा वाढवला, जुन्या कॉम्प्युटरचा.

डब्यावर मार्करने लिहिलं: ‘फक्त बिटेक्स. दुसरा सेट जोडू नये.’ मग खाली: ‘सर, खरंच नको.’

दुपारी १

डबा आणि बिटेक्स पाठीवर उशीत गुंडाळून मोटरसायकल काढली. घरून जेवण बांधून मिळालं. वरण-भात आणि सांबाराची वडी. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याचा एक पाहुणा ती वाटीत ओतायची वाट बघत बसला होता.) बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी. रस्त्याकडेला साग निष्पर्ण उभे. तेंदूपानांचे पुडे वाळत घातलेले दिसले की समजायचं, गाव जवळ आलं. समोरून लोहखनिजाचे ट्रक, लाल धूळ.

वैनगंगेचा पूल ओलांडून आष्टीला चहा घेतला. याच नदीला खाली चपराळ्याजवळ वर्धा मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. आता पात्रात पाण्याच्या चार ओळी. जुलैत हाच पूल बघवत नाही.

नाक्यावर पोलिसाने पिशवी उघडायला लावली. तारा, हीटसिंक, पंखा. या जिल्ह्यात असला डबा पाठीवर घेऊन फिरायचं तर कागद वरच ठेवायचे. परवान्याची प्रत दाखवली. सरांचा परवाना जनरल श्रेणीचा आहे, त्यात ४०० वॅट डीसी इनपुटपर्यंत मुभा. रिस्ट्रिक्टेड असता तर ५० ची मर्यादा, आणि हा डबा बसलाच नसता. त्या पोलिसाला एवढं सांगायची गरज नव्हती. त्याने विचारलं, ‘याच्यावर गाणी लागतात का?’

संध्याकाळी ५

सरांनी दारातच डबा हातात घेतला. ‘माझी चूक झाली ना?’

‘तुमची नाही सर, मेनूची.’

ते जरा सुखावले. मग मी उशिराबद्दल माफी मागितली, त्यावर म्हणाले, ‘ते मी विसरलो नाही.’

आधी अँटेना. अॅम्प्लिफायर बाजूला ठेवून, नुसत्या सेटवर. ८० मीटरचा डायपोल, चाळीस मीटर तार, एका टोकाला कडुनिंब, दुसऱ्याला साग, उंची जेमतेम पाच मीटर. लोकांना ही उंची कमी वाटते. पण आम्हाला दूर जायचंच नाही. सिग्नल सरळ वर फेकायचा आणि आयनांबरावर आपटून दोन-तीनशे किलोमीटरच्या वर्तुळात छत्रीसारखा पाडायचा. मधलं जंगल, डोंगर, पूर, सगळं खाली राहतं. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून ताकद किती परत फिरते याचं माप, १.४. पुरे. अँटेना वाकडी असती तर परत फिरणारी ताकद त्या चार मोसफेटच्या अंगावर गेली असती, आणि माझा पॅड तिथे काही कामाचा नाही. तो पुढून येणारं अडवतो, मागून येणारं नाही.

शेजारचा वनरक्षक आला होता. त्याने हळूच विचारलं, त्याच्या वॉकी-टॉकीलाही असा बूस्टर बसवून मिळेल का? म्हटलं, भाऊ, तुझ्या खात्याच्या सेटला मी हात लावणार नाही, ती फ्रिक्वेन्सी आणि ती ताकद खात्याच्या परवान्यावर आहे. आणि बूस्टरने तुझं बोलणं मोठं होईल, तुझे कान नाही. चौकीवरच्या अँटेनाची केबल बघ म्हणावं, जोडात पाणी गेलं असेल. त्याला हे उत्तर फार आवडलं नाही.

संध्याकाळी ७.४५

अंधार पडला. दक्षिणेला, सिरोंच्याच्या बाजूला, वीज चमकत होती. ८० मीटरवर तिचा कडकडाट कानात फुटाण्यासारखा वाजत होता. सरांनी माइक माझ्याकडे केला, मी त्यांच्याकडे परत दिला.

पहिल्यांदा अॅम्प्लिफायर बंद ठेवून, चौदा वॅटवर. नागपूरहून उत्तर आलं, तुटक: आवाज आहे, अर्धे शब्द खडखडाटात जातात, मीटरवर सिग्नल सहा.

मग अॅम्प्लिफायर चालू. सर माइक दाबायला कचरले. त्यांचा अंगठा बटणावर नुसता टेकला होता. मी डब्यावर हात ठेवला. रिले खटकन सरकला.

‘हॅलो,’ सर म्हणाले. पूर्ण हॅलो.

नागपूर म्हणालं, ‘सात. शब्दन् शब्द कळतोय. आणि आज आवाज जाड नाही, सर. सर्दी गेली वाटतं.’

सहाचे सात. चौदाचे पन्नास केले म्हणजे साडेपाच डेसिबल वाढले, मीटरवर एक घर. चार मोसफेट, अकरा रेझिस्टर, दोन बॅटऱ्या, एक पंखा आणि माझा एक दिवस, एका घरासाठी. पण पुरात पाठवायचा निरोप असता तर सहावर अर्धा गेला असता, आणि ‘दोन पेशंट, एक बाळंतीण’ यातलं ‘दोन’ की ‘दहा’ हे कळायला सातच लागतात.

सर पाच मिनिटं बोलले. मी सगळा वेळ हीटसिंकला हात लावून बसलो होतो. गरम, पण हात टिकेल इतपत.

रात्री ९

काकूंनी तांदळाची भाकर आणि मोहाची चटणी वाढली. सरांनी विचारलं, तो उसना आणलेला शंभर वॅटचा सेट अजून इथेच आहे, त्याचं काय करू? म्हटलं, थेट अँटेनाला लावा आणि निवांत बोला, त्याला डब्याची गरजच नाही. फक्त त्याला बॅटरी फार लागते, वीस अॅम्पिअरच्या आसपास. पुरात तीन दिवस ऊन नसेल तेव्हा तुम्ही बिटेक्सकडेच याल.

सरांनी मान हलवली. मग उठून पुठ्ठा घेतला, त्यावर पेनने काही लिहायला गेले, जमेना, म्हणून शाळेतल्या सवयीने खडू आणला आणि भिंतीवर सेटच्या वर लिहिलं: ८० मी. – १४, ४० मी. – ९, डब्याला – ५.

वारा सुटला होता. कडुनिंबाची फांदी पत्र्याला घासायला लागली तशी त्यांनी अँटेनाची केबल सेटमधून उपसली आणि खिडकीबाहेर अंगणात फेकून दिली.